मात्रा आणि मन

प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची पहिली चिठ्ठी लिहून देताना डॉक्टर तीन-चार गोष्टी हमखास सांगतात. गोळी नाश्ता झाल्यावर घ्या, मीठ बेताने खा, साखर तपासत राहा, स्वतःहून बंद करू नका. ही गोळी पहिल्या आठवड्यातच झोप उडवू शकते, शांत माणसाला तोंडाळ करू शकते आणि पुढे मात्रा उतरवताना त्याच माणसाला रडवूही शकते, हे सांगायचं मात्र घाईत राहून जातं. मग घर आपापल्या परीने अर्थ लावतं. आजारपणाने किरकिरे झालेत. सुनेवर राग काढतात. मुलगा फार लाडावलाय. हिला काही सोसतच नाही. त्या दिवसांत जे बोलून होतं, ते गोळी बंद झाल्यावरही घर विसरत नाही.

या प्रकरणाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. स्टिरॉइड चालू असताना किंवा उतरत असताना मनःस्थितीत झालेला बदल हा औषधाचा परिणाम असू शकतो असं धरून चालायचं, आणि रक्तदाब किंवा साखर जशी लिहून ठेवतो तशी त्याची नोंद करून डॉक्टरांपुढे ठेवायची. मुकाट्याने सोसायचं नाही, आणि वैतागून गोळ्या कचऱ्यात टाकायच्याही नाहीत.

आधी एक घोळ मिटवू. व्यायामशाळेत स्नायू फुगवण्यासाठी काही जण घेतात ती स्टिरॉइडं पुरुषी संप्रेरकांच्या कुळातली. त्यांचं इथे काम नाही. आपण बोलतोय ते दमा, संधिवात, ल्यूपस, मुलांचा नेफ्रॉटिक सिंड्रोम, कुष्ठरोगातल्या रिअ‍ॅक्शन, डोळ्यांचे आणि आतड्यांचे कित्येक आजार यांत दिल्या जाणाऱ्या कॉर्टिकोस्टिरॉइडविषयी. यांची मात्रा नुसत्या आकड्यावरून जोखू नये. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट आणि अवघा पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन यांची ताकद साधारण सारखी. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीने कोविडसाठी रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, असं सांगितलं आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात हे दाखवलं. तो सहाचा आकडा किरकोळ वाटला, तरी ती मात्रा प्रेडनिसोलोनच्या ४० मिलिग्रॅमच्या घरातली होती. २०२१च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी 'स्टिरॉइड' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो म्युकरमायकोसिसच्या धास्तीसह. बुरशी, साखर, डोळा यांची चर्चा झाली. वॉर्डात बापाला भास का होत होते, घरी आल्यावर आई चार रात्री का झोपली नाही, याकडे कोणी फारसं वळून पाहिलं नाही. ऑक्सिजन कमी, माणसं लांब, त्यात भीती, अशी कारणं तेव्हा बरीच होती हे खरं. पण स्टिरॉइड हेही त्यांतलं एक होतं.

मनावरचा हा परिणाम नवा शोध नाही. औषधाइतकाच तो जुना आहे. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये, फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोनचं पहिलं इंजेक्शन दिलं. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५०चं नोबेल पारितोषिक हेंच, त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमधले टाडेउस राइखश्टाइन यांना मिळालं. शोध आणि पारितोषिक यांत इतकं कमी अंतर क्वचितच असतं. पण त्याच काळात डॉक्टरांच्या लक्षात येत गेलं की काही रुग्णांचे सांधे सुटतात तसे विचारही सुटतात. ते हसतात, बोलत सुटतात, झोपत नाहीत, आणि काही थेट भ्रमात जातात.

हे सामान्य वाचकापर्यंत पोचवलं ते एका पत्रकाराने. बर्टन रूशे यांनी १९५५ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये न्यूयॉर्कच्या एका शाळामास्तरांची हकिगत लिहिली. रक्तवाहिन्यांच्या दुर्मीळ आणि जीवघेण्या आजारातून कॉर्टिसोनने त्यांना वाचवलं, आणि त्याच कॉर्टिसोनने त्यांना स्वतःच्या थोरवीचा असा साक्षात्कार घडवला की घरच्यांचं जगणं कठीण झालं. पुढच्याच वर्षी निकोलस रे यांनी त्यावर 'बिगर दॅन लाइफ' हा चित्रपट काढला. त्यात जेम्स मेसनने रंगवलेला मास्तर सांगितल्यापेक्षा जास्त गोळ्या खातो, बायकोला तुच्छ लेखतो आणि शेवटी मुलाच्या जिवावर उठतो. चित्रपटाने अर्थातच मीठमसाला लावला आहे. पण एक निरीक्षण अचूक आहे: मास्तरांना स्वतःला आपण आजारी आहोत असं मुळीच वाटत नाही. आयुष्यात कधी नव्हे इतकं छान वाटत असतं. घरातल्या बाईला मात्र पहिल्या काही दिवसांतच कळलेलं असतं की हा माणूस नेहमीचा नव्हे.

किती जणांना असा त्रास होतो? १९७२ साली बॉस्टनच्या औषध-निरीक्षण कार्यक्रमाने रुग्णालयात प्रेडनिसोन घेणाऱ्यांचा जो हिशेब मांडला तो आजही सांगितला जातो. रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मानसिक प्रतिक्रिया १.३ टक्के, ४१ ते ८० मिलिग्रॅममध्ये ४.६ टक्के आणि ८०च्या वर १८.४ टक्के. हे मोजमाप डॉक्टरांना दखल घ्यावी लागली अशा त्रासाचं आहे. झोप मोडणं, भुणभुण, डोळे भरून येणं, हात स्वस्थ न राहणं हे याहून कितीतरी जास्त जणांना होतं. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून झालेला अभ्यास अधिक गंभीर होता. तोच आजार असून स्टिरॉइड न घेतलेल्यांच्या तुलनेत, घेणाऱ्यांमध्ये उन्मादाचं प्रमाण चौपटीहून अधिक आणि आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न यांचं प्रमाण सुमारे सातपट निघालं. मुळात विरळ असलेली गोष्ट सातपट झाली तरी बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला ती येत नाही, हे खरंच. पण आपल्या घरातलं माणूस कोणत्या बाजूला पडेल हे आधी सांगता येत नाही. पूर्वी कधी मानसिक आजार झाला होता का, मागच्या कोर्सला त्रास झाला होता का, यावरून अंदाज बांधायला जावं तर तो बऱ्याचदा चुकतो. मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून या वेळी होणार नाही, असं समजून कोणी निर्धास्त राहू नये. हाताशी भरवशाची एकच खूण आहे, ती म्हणजे मात्रा. मात्रा जितकी मोठी तितकी नजर बारीक हवी.

शरीरात याचं कारण काय? दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल तयार करतात. पहाटेपासून ते चढतं, सकाळी भरतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. जाग येणं, भूक लागणं, अंगात काम करण्याची उमेद असणं यांमागे त्याचा हात असतो. प्रेडनिसोलोनची मोठी मात्रा पोटात गेली की मेंदूला वाटतं, कॉर्टिसोलचा पूर आलाय. स्मृती आणि भावना हाताळणाऱ्या हिप्पोकॅम्पससारख्या भागांत कॉर्टिसोल ओळखणारी ग्राहकं दाटीने असतात, आणि ती दोन प्रकारची असतात. एरवी दोन्हींच्या कामाचा एक तोल असतो. बाहेरून दिलेलं स्टिरॉइड, विशेषतः डेक्सामेथासोन, त्यांतल्या एकाच प्रकाराला घट्ट धरतं आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल दाबून टाकल्यामुळे दुसरा प्रकार रिकामा राहतो. मनाची घडी विस्कटण्याचं हे एक कारण असावं असा संशोधकांचा कयास आहे. नावं विसरतात, वाचलेलं टिकत नाही, अशी तक्रार मोठ्या मात्रेवरचे लोक करतात तीही याच भागाशी जोडलेली. मात्रा उतरली की बहुतेकांची स्मरणशक्ती परत येते.

सुरुवातीच्या दिवसांचं आणि नंतरच्या महिन्यांचं चित्र बरेचदा उलटसुलट असतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत चढ दिसतो. पहाटे तीनला उठून माळा आवरायला काढणं, एकामागून एक फोन, बोलण्यात दुसऱ्याला शिरकाव नाही, भूक अनावर, बारीकसारीक गोष्टीवर भडका. मोबाइलवरून मध्यरात्री खरेदी. कधी नोकरीचा राजीनामा, कधी भावाशी जमिनीवरून जुनं भांडण नव्याने. औषध महिनोन्महिने चाललं की अनेकांच्या बाबतीत पारडं दुसरीकडे झुकतं: उदासी, कशातच रस न वाटणं, कारण नसताना रडू येणं. पण हा काही नियम नाही. पहिल्याच आठवड्यात खचलेली माणसंही असतात आणि एकाच दिवसात दोन्ही टोकं गाठणारीही.

यातलं सगळंच मेंदूतल्या रसायनांवर ढकलून चालणार नाही. चेहरा गोल होतो, गालांना सूज येते, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "वा, तब्येत सुधारली हं!" ज्या मुलीला आरशात स्वतःचं तोंड ओळखू येत नाही तिला हे ऐकून काय वाटत असेल? नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या मुलांना पहिल्या वेळी सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड प्रेडनिसोलोन दिलं जातं. या काळात पोर सतत खायला मागतं, वर्गात जागेवर बसत नाही, रात्री उठून बसतं. शाळेला याची कल्पना नसेल तर ते वात्रट ठरतं, आणि गुबगुबीत गालांवरून चिडवलं जातं ते वेगळंच. वर्गशिक्षिकेला एक चिठ्ठी लिहायला आईबापांना संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा. औषधाचं नाव, ते किती दिवस चालेल आणि त्याने चिडचीड, भूक वाढते एवढं लिहिलं तरी पुरे.

रक्तातली साखरही मनाला हलवते. इथे एक फसगत वारंवार होते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटी केलेली तपासणी चांगली येते आणि घर निश्चिंत होतं. ग्लानी, तहान, संध्याकाळचं चिडणं वाढलं असेल तर दुपारच्या जेवणानंतरची साखर मोजायला हवी.

सगळ्यांत आधी सांभाळायची ती झोप. सलग दोन-तीन रात्री जागलेला माणूस औषधाशिवायही बिघडतो. इथे तर औषध त्याला ढकलतच असतं. दिवसाची सगळी मात्रा सकाळी एकदाच घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. शरीराचा स्वतःचा कॉर्टिसोलचा चढही सकाळीच असतो. काही आजारांत मात्रा विभागूनच द्यावी लागते, म्हणून संध्याकाळची गोळी स्वतःच्या मर्जीने सकाळवर ढकलू नये. चारनंतरचा चहा-कॉफी सोडावी. घरात कोणाची तरी उरलेली झोपेची गोळी असते, ती मात्र देऊ नये. भ्रमाच्या उंबरठ्यावर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला अशी गोळी आणखी गोंधळात टाकते.

दुसरं काम म्हणजे वही. महागडं अ‍ॅप नको, शाळेची शंभर पानी पुरते. तारीख, गोळीची मात्रा, किती तास झोप, आणि मन कसं होतं याचे दोन शब्द. एवढंच, पण रोज. आठवड्याभराने पानं उलटली की मात्रा आणि मन यांची सांगड उघड दिसते. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात डेक्सामेथासोन बऱ्याचदा आठवड्यातून एकदा, ४० मिलिग्रॅमपर्यंत, देतात. त्या दिवशी आणि त्या रात्री माणूस नुसता पेटलेला असतो. दोन-तीन दिवसांनी तो असा कोसळतो की घरच्यांना वाटावं, आजार उलटला. चार आठवड्यांची वही समोर असली तर गोळीच्या रात्री झोप नाही आणि त्यानंतरच्या अमुक वारी डोळ्यांत पाणी, हा ठेका पाठ होतो. मग पाहुणे कधी बोलवायचे, बँकेचं काम कधी काढायचं, मुलीशी लग्नाच्या खर्चाचं बोलणं कोणत्या दिवशी करायचं नाही, हे ठरवता येतं. डॉक्टरांनाही मात्रा किंवा वार बदलायला आधार मिळतो. मला विचाराल तर सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

तिसरी गोष्ट करार. चढ आला की माणसाला तो चढ दिसत नाही, म्हणून बोलणं आधीच, डोकं शांत असताना, करून ठेवावं. "अहो, तुम्ही दोन रात्री झोपला नाहीत तर मी डॉक्टरांना फोन करणार, तेव्हा माझ्यावर चिडायचं नाही," इतकं साधं. कोर्स चालू असेपर्यंत राजीनामा, घर-जमिनीचा व्यवहार, मोठं कर्ज यांवर सही नाही. खात्याचा पिन काही दिवस दुसऱ्याकडे, तोही रुग्णाने आपण होऊन दिलेला. हिसकावून घेतला तर भांडणाला आणखी एक विषय मिळतो. झोप नसेल आणि हात थरथरत असतील तर स्कूटरची किल्लीही त्याच माणसाकडे.

इथे घरच्यांनाही एक सांगणं आहे. औषधाचा परिणाम कळला की प्रत्येक रागावर 'गोळी बोलतेय' असा शिक्का मारायची सवय लागते. आजारी माणसाला खरा रागही येऊ शकतो. जेवण गार मिळालं, त्याच्यादेखत त्याच्याच उपचारांचा निर्णय त्याला न विचारता झाला, तर तो चिडणारच. त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं. आवाज चढला असेल तर विषय रात्री ताणू नये, सकाळी घ्यावा. आणि शुश्रूषा करणारीलाही दुपारी दोन तास दार लावून झोपता आलं पाहिजे. रुग्ण आणि जागणारी बाई दोघंही तुटली तर औषधाचा हिशेब कोण ठेवणार?

आता उतरणीकडे येऊ. लोकांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

स्टिरॉइड तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त चाललं की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल बनवणं कमी करतात, कारण बाहेरून भरपूर मिळत असतं. महिनोन्महिने दावणीला बांधून ठेवलेला बैल एका सकाळी औताला जुंपला तर तो बसकण मारणारच. म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवतात. यातल्या सगळ्या पायऱ्या सारख्या नसतात. ४० वरून ३५ वर आलं तर आठवा हिस्सा कमी झाला. ५ वरून अडीचवर आलं तर निम्मं गेलं. शिवाय शरीराची रोजची स्वतःची गरज ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोनच्या आसपास असते, म्हणजे शेवटच्या पायऱ्यांवर उसनं संपतं आणि ग्रंथीला स्वतः कमवावं लागतं. पॉलिमायाल्जिया र्‍युमॅटिका या म्हातारपणीच्या आजारात १० मिलिग्रॅमच्या खाली दर चार आठवड्यांना अवघा एक मिलिग्रॅम कमी करायचा सल्ला आहे, तो याचसाठी. "आता एवढीशीच राहिली, सोडून देतो" असं ज्या टप्प्यावर वाटतं, तोच टप्पा सर्वांत जपून उतरायचा असतो.

उतरताना काय होतं? अंग मोडून येतं, सांधे-स्नायू दुखतात, मळमळ, थकवा, आणि मन खाली बसतं. सकाळी उठावंसं वाटत नाही. रडू येतं. यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात. मूळ आजार परत डोकं वर काढत असेल. अधिवृक्क ग्रंथी अजून जागी झाली नसेल. किंवा दोन्ही ठीक असतील, पण मोठ्या मात्रेला सरावलेलं शरीर आणि मन ती कमी झाल्यामुळे कुरकुरत असेल. तिन्हींवर उपाय निरनिराळे आहेत आणि घरबसल्या ते ओळखता येत नाहीत. युरोपीय आणि अमेरिकी अंतःस्राव तज्ज्ञांच्या २०२४च्या संयुक्त मार्गदर्शनानुसार सकाळचं कॉर्टिसोल १० मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या वर असेल तर ग्रंथी सावरली असं धरतात, ५च्या खाली असेल तर औषध चालू ठेवतात, मधल्या आकड्याला थांबून पुन्हा तपासतात. या तपासणीआधी गोळी किती तास थांबवायची हे प्रयोगशाळेत जाण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावं, नाहीतर आकडा फसवा येतो. तिसरं कारण निघालं तर एक पायरी वर चढून, तिथे काही दिवस थांबून, मग हळू उतरणं एवढाच उपाय बहुधा पुरतो. एक पायरी मागे जावं लागलं म्हणून रुग्णाने हिरमुसायचं कारण नाही.

उतरणीत आपल्याकडचे काही धोके अगदी आपले आहेत. एकादशी, नवरात्र, रोजे: उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची म्हणून गोळीच चुकवली जाते. उपवास करायचाच असेल तर डॉक्टरांना आधी विचारावं. गोळी मात्र चुकता कामा नये. क्षयरोगाची औषधं सुरू झाली तर त्यांतलं रिफॅम्पिसिन शरीरातलं प्रेडनिसोलोन झपाट्याने संपवतं. गोळी तीच, पण परिणाम उतरल्यासारखा. उलट क्लॅरिथ्रोमायसिन किंवा इट्राकोनॅझोलसारखी औषधं काही स्टिरॉइडं रक्तात साठवून ठेवतात आणि मात्रा न वाढवताही मन चढतं. तिसरी गोष्ट दम्यावरच्या आणि सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्या. अशा पुड्यांत तपासणीअंती स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं भारतात वेळोवेळी नोंदली गेली आहेत. पुडीने बरं वाटतं, चेहरा भरतो, पुडी संपली की माणूस अंथरुणाला खिळतो आणि खिन्न होतो, आणि आपण स्टिरॉइड घेत होतो हे ना त्याला ठाऊक ना त्याच्या डॉक्टरांना. अशी पुडी कधी घेतली असेल तर लपवू नये.

काही वेळा वाट पाहण्यात अर्थ नसतो. उलट्या थांबत नाहीत, उभं राहिल्यावर अंधारी येते, पोटात जोराचं दुखतं, माणूस गळून गेला आहे, आणि तो स्टिरॉइडवर आहे किंवा नुकतंच सोडलं आहे, तर ही ग्रंथी निकामी पडल्याची खूण असू शकते. लगेच १०८ला फोन करावा आणि रुग्णालयाच्या दारातच "स्टिरॉइड चालू होतं" हे पहिलं वाक्य म्हणावं. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन जीव वाचवतं. मनाच्या बाबतीतही तशाच तातडीच्या खुणा आहेत. दोन रात्री अजिबात झोप नाही आणि तरी थकवा नाही. कोणी तरी बोलतंय, कोणी पाळत ठेवतंय असं वाटणं. दिवस-वार, घर-दवाखाना यांचा गोंधळ. आणि मरण्याचं बोलणं, मग ते कितीही हसत केलेलं असो. त्याच दिवशी औषध देणाऱ्या डॉक्टरांना गाठावं आणि माणसाला एकटं सोडू नये. मरण्याचे विचार बोलून दाखवायला कोणी हवं असेल तर टेली मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे.

मनोविकारतज्ज्ञाचं नाव निघालं की घर बिचकतं, "वेडं ठरवताय का?" असं विचारतं. स्टिरॉइडने बिघडलेलं मन मुख्यतः मात्रा कमी करून सावरतं. ती कमी करता येत नसेल तर ओलान्झापिन, क्वेटियापिन यांसारखी औषधं काही काळ देऊन मूळ उपचार चालू ठेवता येतात, आणि मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिनसारख्या औषधांची जोड देऊन स्टिरॉइडची गरजच घटवता येते का, हेही आजारानुसार पाहिलं जातं. ल्यूपसमध्ये मात्र पेच असतो, कारण तो आजार स्वतःच मेंदूवर येऊ शकतो. आजारामुळे भ्रम असेल तर स्टिरॉइड वाढवायचं आणि औषधामुळे असेल तर कमी करायचं. तिथे ल्यूपसचे डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ एका टेबलावर बसल्याशिवाय गत्यंतर नाही. मात्रा उतरवल्यावर भ्रम साधारण काही दिवसांत निवळतो, उन्माद तीनेक आठवड्यांत आणि नैराश्य चारेक आठवड्यांत, असा जुना वैद्यकीय अनुभव आहे. बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

पहिली चिठ्ठी लिहितानाच हे सगळं दोन वाक्यांत सांगता येतं: "झोप उडेल, चिडचीड होईल, मन उतरेल. झालं तर मला कळवा, गोळी थांबवू नका." ही दोन वाक्यं न सांगणं मी तरी डॉक्टरांची चूकच मानतो, ओपीडीत रांग कितीही लांब असो. पण सांगितली नाहीत तर तुम्ही विचारा. पुढच्या भेटीला वही न्या, आणि झोपेचा व मनाचा विषय उठता उठता काढू नका, सगळ्यांत आधी काढा. घरातलं जे माणूस तुमच्याबरोबर रात्री जागलं त्याला बाहेर बाकावर बसवू नका. आत न्या आणि पहिल्यांदा त्याला बोलू द्या.